लाल डोळा, न सुधारणारी नजर आणि इंटर्नशिपचं वर्ष

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.ऑप्टोमची (डोळे तपासण्याच्या पदवीची) तीन वर्षं संपली, इंटर्नशिप चालू आहे. रेटिनोस्कोपी (डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवून नंबर तपासणं) बऱ्यापैकी जमते, चष्म्याचा नंबर काढता येतो. पण स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायच्या मशीनवर) पेशंट बसला की सगळे लाल डोळे सारखेच दिसतात आणि सरांनी "काय वाटतंय?" असं विचारलं की तोंडाला कुलूप बसतं. किती पेशंट पाहिले की हे जमेल, आणि त्यासाठी वेगळा कोर्स लावावा का?

कोर्सचं आधी सांगून टाकतो: सध्या नको. तुम्हाला आजार माहीत नाहीत असं तुमच्या लिहिण्यावरून अजिबात वाटत नाही. "बघायला लागल्यावर कुठला आजार आठवावा तेच कळत नाही" असं तुम्ही लिहिलंय, आणि खरी अडचण तिथेच आहे. तुम्ही स्लिट लॅम्पमधून आजाराचं नाव शोधताय. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं हेच करतात. पेशंट खुर्चीत बसला की थेट मशीनकडे नेतात, लाइट फुल्ल करतात, आणि काहीतरी ओळखीचं दिसेल याची वाट बघत बसतात. स्लिट लॅम्पपर्यंत पोचायच्या आधी शक्यता दोन-तीनवर आलेल्या असायला हव्यात. तिथे फक्त त्यातली कुठली खरी ते बघायचं.

किती पेशंट लागतील, हे तुम्ही कुठे बसता त्यावर आहे. ट्रस्टच्या हॉस्पिटलात आणि गावोगावच्या नेत्रशिबिरांत मोतीबिंदू भरपूर दिसेल, पण कॉन्टॅक्ट लेन्सवाला पेशंट महिनोन्‌महिने येणार नाही. मुंबई-पुण्यातल्या ऑप्टिकल शोरूममध्ये कोरडे डोळे, चाळिशी आणि स्क्रीनमुळे दुखणारे डोळे दिसतील, बुबुळावरची (कॉर्नियावरची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवरची) जखम क्वचितच. मोठ्या रेफरल सेंटरला असाल तर आणखी एक घोटाळा होतो: जे हजारांत एखाद्याला होतं ते तिथे रोज दिसतं, आणि मग बाहेर पडल्यावर साध्या ॲलर्जीतही दुर्मिळ आजार दिसायला लागतात. त्यामुळे पेशंटचा आकडा मी सांगणार नाही. क्रम सांगतो.

पहिला नंबर प्रश्नांचा. एक डोळा की दोन्ही? कधीपासून? हळूहळू की एकदम? दुखतंय, खुपतंय की खाजतंय? या तिन्हींत फरक आहे आणि पेशंट तिन्हींसाठी "त्रास होतो" एवढंच म्हणतो, म्हणून तुम्हीच शब्द सुचवायचे. नजर कमी वाटते का? उजेड सहन होतो का? आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं: घरी काय घातलं? मध, एरंडेल, आईचं दूध, गुलाबपाणी, शेजाऱ्याच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप्स. हे विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही, आणि रागावून विचारलं तर कबूल करत नाही. "काकी, घरी काही औषध घातलं असेल ना, सगळेच घालतात" असं विचारलं की पिशवीतून बाटली बाहेर येते. बाटलीवरचं नाव वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन (तिन्ही स्टिरॉइड) यातलं काही दिसलं की कागदावर ठळक लिहून ठेवा. का, ते पुढे येईलच.

दुसरं, व्हिजन. प्रत्येक डोळ्याचं वेगळं, चष्म्याशिवाय, चष्म्यासकट आणि पिनहोलने (बारीक भोकाच्या चकतीतून). झाकायला पेशंटचा हात वापरू नका. बोटांच्या फटीतून मुलंच बघतात असं नाही, शिकलेसवरलेले मोठे लोकही बघतात. ऑक्लूडर (डोळा झाकायचं साधन) नसेल तर ट्रायल फ्रेममध्ये (नंबर तपासायच्या चौकटीत) काळी चकती घाला.

पिनहोल हे तुमच्याकडचं सगळ्यात स्वस्त निदानाचं साधन आहे. साधारण सव्वा मिलिमीटरच्या भोकातून बघितल्यावर ६/२४ चा पेशंट ६/९ वाचू लागला (६/६ म्हणजे चांगली नजर, खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी), तर अडचण बहुतांशी नंबरची. काहीच फरक पडला नाही तर एक तर नंबर खूप मोठा आहे (तीन डायॉप्टरच्या, म्हणजे तीन नंबरच्या वर पिनहोल पुरेसं पडत नाही), नाही तर काचेने न सुटणारं काहीतरी आहे: मोतीबिंदू, बुबुळावरचं फूल, डोळ्यामागच्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार, नजरेची नस, किंवा लहानपणापासून आळशी राहिलेला डोळा. आणि पिनहोलने नजर उलट कमी झाली तर मॅक्युलाकडे (पडद्याच्या मधल्या भागाकडे) किंवा डोळ्यातल्या लेन्सच्या मधोमधल्या डागाकडे संशय वळवा. हे एवढं कळायला मिनिटभर पुरतं.

तिसरं, बाहुल्या. हे ड्रॉप्स घालण्याआधीच करायचं, कारण एकदा बाहुली मोठी केली की ही माहिती त्या दिवसापुरती गेली. खोलीत अंधार करा, पेशंटला लांब बघायला सांगा, टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवा. उजेड आल्यावर बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी होत गेली, तर त्या डोळ्याच्या नसेत किंवा पडद्यात मोठा बिघाड आहे. एक नियम पक्का डोक्यात ठेवा: मोतीबिंदू कितीही पिकलेला असला तरी त्यामुळे हे होत नाही. शिबिरात पांढराशुभ्र मोतीबिंदू दिसला की सगळे ऑपरेशनच्या यादीत नाव टाकून मोकळे होतात. टॉर्च फिरवून पाहिलेली असेल तर "काकांची नस आधीच गेलीय, ऑपरेशननंतर फार दिसणार नाही" हे घरच्यांना ऑपरेशनच्या आधी सांगता येतं. नंतर सांगितलं तर ऑपरेशन बिघडलं असाच अर्थ काढला जातो.

एवढं झाल्यावर स्लिट लॅम्प. आधी कमी मॅग्निफिकेशन, पसरट उजेड, आणि बाहेरून आत: पापण्या, पापण्यांच्या कडा, पांढरा भाग, बुबुळ, पुढची पोकळी, बाहुलीची कड, लेन्स. दरवेळी याच क्रमाने.

आता चष्म्याच्या नंबरबद्दल थोडं जास्त सांगतो. तुम्ही "मला फक्त नंबर काढता येतो" असं काहीसं कमीपणाने लिहिलंय, आणि मला ते पटत नाही. आपल्या धंद्यातली अर्धी निदानं नंबरातूनच होतात. तीन प्रकार बघा.

साठी-पासष्टीचे आजोबा खुशीत येतात: "आता पेपर बिनचष्म्याचा वाचतो, नजर सुधारली." लांबचं तपासा, ते घसरलेलं असतं आणि मायनस नंबर आलेला असतो. मोतीबिंदू लेन्सच्या गाभ्यात घट्ट होत चालला की लेन्सची ताकद वाढते, म्हणून जवळचं दिसायला लागतं. आजोबांचा आनंद घालवायची घाई नको, पण केसपेपरवर लिहा आणि सहा महिन्यांनी परत बोलवा.

पंचेचाळिशीची बाई येते, गेल्या महिन्यात दुसरीकडे केलेला चष्मा "बरोबर नाही" म्हणून. तुम्ही नंबर काढता तर खरंच एक-दीड डायॉप्टरचा फरक. लगेच नवा चष्मा लिहून देऊ नका. आधी शुगर विचारा. रक्तातली साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या लेन्समध्ये पाण्याचं प्रमाण बदलतं आणि नंबर पळतो. साखर चढली की बहुधा मायनसकडे, औषध सुरू झालं की उलट दिशेने. साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहिल्याशिवाय काढलेला नंबर म्हणजे पैसे वाया. मधुमेह आहे हेच पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानात कळलं असे पेशंट प्रत्येक जुन्या ऑप्टोमेट्रिस्टला भेटलेले असतात. आणि मधुमेह असेल तर नजर ६/६ असली तरी पडदा तपासायला पाठवायचंच, कारण पडद्यावरचे सुरुवातीचे बदल नजरेत कळत नाहीत.

तिसरा, कॉलेजातला मुलगा. दरवर्षी सिलिंडर (एकाच दिशेतला नंबर) वाढतोय, ॲक्सिस (ती दिशा) बदलतोय, आणि चष्मा लावूनही ६/९ च्या पुढे जात नाही. रेटिनोस्कोप धरा. बाहुलीतली लाल पट्टी सरळ सरकायच्या ऐवजी कात्रीच्या पात्यांसारखी उघडझाप करते. त्याला विचारा, लहानपणी डोळे फार चोळायचास का? बहुतेक वेळा शेजारी बसलेली आईच उत्तर देते, "चोळायचा? अजून चोळतो!" हा केराटोकोनस, बुबुळ पातळ होऊन पुढे येतंय. टोपोग्राफीला (बुबुळाच्या आकाराचा नकाशा काढायला) पाठवा. वेळेत कळलं तर क्रॉस-लिंकिंग (बुबुळ घट्ट करायचा उपचार) करून वाढ थांबवता येते, आणि ही वेळ ओळखणारा पहिला माणूस नंबर काढणाराच असतो. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरची (आपोआप नंबर काढणाऱ्या मशीनची) चिठ्ठी बघून चष्मा देणाऱ्याला ती कात्री कधीच दिसत नाही.

आता तुमचा लाल डोळा.

नाव नंतर ठरवू. आधी दोन ढिगारे करायचे: उद्यापर्यंत थांबू शकणारे आणि आज, आत्ता डॉक्टरांपुढे जाणारे. चार गोष्टी विचारा. नजर कमी झालीय का? खरोखरचा ठणका आहे का? उजेडाने डोळा मिटतो का? बुबुळ धूसर किंवा बाहुली वेगळी दिसते का? चारही "नाही" असतील तर बहुधा पहिला ढिगारा. एक जरी "हो" असेल तर दुसरा. एक "हो" पुरतं. कॉन्टॅक्ट लेन्सवाला लाल डोळा मात्र हे चार प्रश्न न विचारताच दुसऱ्या ढिगाऱ्यात टाका. लेन्स काढायला लावा आणि डबीसकट जपून ठेवायला सांगा, तपासणीला लागू शकते.

पहिल्या ढिगाऱ्यात डोळे येणं सगळ्यात जास्त. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर जी साथ आली, ती तुम्ही घरातच पाहिली असेल: आधी एक डोळा, दोन-तीन दिवसांत दुसरा, पाणी, सकाळी चिकटलेल्या पापण्या, कानापुढे बारीक गाठ. नजर चांगली. पिवळी घट्ट चिपडं असतील तर जिवाणूंचा संशय, पाणी असेल तर विषाणूंचा, आणि खाज मुख्य असेल तर ॲलर्जी. ॲलर्जीत वरची पापणी उलटून बघायची सवय लावा. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या पापणीखाली फरशीसारखे उंचवटे दिसले की पुढचं विचारावंच लागत नाही. त्याच ढिगाऱ्यात रक्त साकळलेला डोळा: बघायला सगळ्यात भयंकर, पेशंट घाबरून रात्रीच येतो, आणि बहुतेकदा काहीच करावं लागत नाही. मार लागलेला नाही ना एवढं विचारा, बीपी मोजा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते विचारा, आणि दोन आठवड्यांत आपोआप जाईल असं सांगा. रांजणवाडीही इथेच.

दुसऱ्या ढिगाऱ्यात काय येतं ते मी आमच्या भागातल्या उदाहरणाने सांगतो. आमच्याकडे ऊस. तोडणीच्या हंगामात उसाचं पान डोळ्याला लागलं म्हणून माणसं येतात, पण लागल्या दिवशी येत नाहीत. चार-सहा दिवसांनी येतात, मधल्या काळात मेडिकलमधून ड्रॉप्स आणलेले असतात, आणि "दोन दिवस फार बरं वाटलं, मग परत वाढलं" असं सांगतात. हे वाक्य ऐकलं की बाटली मागा. स्टिरॉइड असतं. लाली उतरते, माणसाला उतार पडल्यासारखं वाटतं, आणि खाली बुरशी मोकाट पसरते. फ्लुरोसीनची (जखम दाखवणाऱ्या रंगाची) पट्टी ओली करून लावा, निळा फिल्टर टाका. जखम हिरवी चमकेल. आता घाई न करता कड बघा. पिसासारखी विस्कटलेली, जरा उंच, कोरडी दिसणारी करडी कड, आणि मुख्य जखमेपासून सुटे झालेले एक-दोन लहान ठिपके असतील, तर बुरशीचा संशय लिहा. झाडाच्या फांदीसारख्या रेषा आणि टोकांना गाठी असतील तर हर्पिस (विषाणूचा संसर्ग). पुढच्या पोकळीत तळाशी पांढरी रेघ साचलेली असेल तर तिची उंची मिलिमीटरमध्ये लिहा, कारण उद्या ती वाढली की कमी झाली हे तुमच्या आकड्यावरूनच कळणार. आणि तुमच्या हातून एक गोष्ट होता कामा नये: डोळा झाकून पट्टी बांधणं. संसर्ग असलेल्या जखमेवर घट्ट पट्टी नको.

ठणका आहे, उजेड सहन होत नाही, लाली बुबुळाच्या भोवती कड्यासारखी जास्त, चिपडं नाहीत, बाहुली लहान: आतली सूज, युव्हिआयटिस. तरुण मुलगा असेल तर सकाळी कंबर आखडते का ते विचारा. हा प्रश्न विचारलेला बघून सर नक्की वळून बघतील.

पन्नाशी-साठीची बाई, एका बाजूचं डोकं फुटतंय, उलट्या होतायत, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली होती. घरचे म्हणतात पित्त झालंय, अर्धशिशी आहे, आणि दोन दवाखाने फिरून मगच डोळ्यांकडे येतात. बाहुली अर्धवट मोठी आणि उजेडाला हलत नाही, बुबुळ वाफ धरल्यासारखं, मिटलेल्या पापणीवरून दोन बोटांनी हलकेच चाचपलं तर डोळा दगडासारखा. हा काचबिंदूचा तीव्र झटका. इथे तासांचा हिशोब असतो. म्हणूनच, कोणाचीही बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालण्याआधी बाजूने टॉर्च मारून पुढची पोकळी उथळ नाही ना ते बघायचं असतं.

आणि एक जागा अशी आहे जिथे मी वर सांगितलेला सगळा क्रम मोडायचा: डोळ्यात चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलांच्या हातात फुटते आणि थेट डोळ्यात उडते. तेव्हा व्हिजन नाही, प्रश्न नाहीत, केसपेपर नाही. सलाइनची बाटली लावा आणि धुवायला घ्या, अर्धा तास तरी. सलाइन नसेल तर नळाचं पाणी. वरची पापणी उलटी करून अडकलेले कण ओल्या कापसाच्या काडीने काढा. बाकी सगळं त्यानंतर.

वेल्डिंग आणि छिन्नी-हातोडा यांत गल्लत करू नका. वेल्डिंगचा त्रास रात्री सुरू होतो, दोन्ही डोळ्यांना, भयंकर असतो आणि दिवसा-दोन दिवसांत उतरतो. छिन्नीवर हातोडा मारताना "काहीतरी उडालं" म्हणणाऱ्याचा डोळा जवळजवळ शांत आणि नजर ६/६ असू शकते, आणि लोखंडाचा कण आत पडद्यापाशी जाऊन बसलेला असू शकतो. बाहुली एका बाजूला ओढल्यासारखी टोकदार दिसली की डोळ्यावर दाब न देता प्लास्टिकचं कवच लावून पाठवा.

तुम्ही काचबिंदूबद्दलही विचारलंय. झटका सोडला तर नेहमीचा काचबिंदू दुखत नाही, लाल होत नाही, पेशंट तक्रारच करत नाही. डोळ्यातलं प्रेशर २१ च्या (मिलिमीटर पाऱ्याच्या मापात) आत आहे म्हणून निश्चिंत राहू नका, नस बघा आणि घरात कोणाला होता का ते विचारा. इथे संशय घेऊन पाठवणं एवढंच तुमचं काम आहे, एका भेटीत निदान मोठमोठ्या डॉक्टरांचंही होत नाही.

लहान मुलांचं वेगळं उत्तर लिहावं लागेल, पण दोन गोष्टी आत्ता. ड्रॉप्स घालून बाहुली मोठी केल्याशिवाय लहान मुलाचा नंबर पक्का धरू नका, कारण मुलं ताण देऊन प्लसचं मायनस करून दाखवतात. आणि बाहुलीत पांढरी चमक दिसली, किंवा आईने "फोटोत एक डोळा पांढरा येतो" असं सांगितलं, तर मूल कितीही हसतंखेळतं असो, त्याच आठवड्यात रेटिनाच्या डॉक्टरांपर्यंत पोचलं पाहिजे. तो डोळ्यातला कॅन्सर असू शकतो.

सराव कसा करायचा, तर निरोगी डोळे बघून. हे कंटाळवाणं आहे आणि कोणी करत नाही. मैत्रिणी, होस्टेलची मुलं, पेशंटसोबत आलेले नातेवाईक, जो बसेल त्याला बसवा. निरोगी बुबुळाची कड, निरोगी पोकळीची खोली, निरोगी नसेचा रंग डोळ्यांत बसला की बिघडलेलं आपोआप खटकतं. आधी "हे वेगळं आहे" एवढंच कळतं आणि नाव मागून येतं. दुसरं, रोज एका पेशंटचं चित्र काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. जखम किती वाजण्याच्या दिशेला, किती मिलिमीटर, कड कशी, हे हाताने काढल्याशिवाय आपण नीट बघितलेलंच नसतं. तिसरं, फाइलमधलं सरांचं निदान वाचायच्या आधी तुमच्या वहीत तुमचा अंदाज लिहा, आणि तो पेशंट पुन्हा येईल तेव्हा ओपीडीत हजर राहा. बरा झाला की नाही हे बघितल्याशिवाय पहिल्या दिवशी काय बघितलं होतं ते पक्कं होत नाही.

सरांनी "काय वाटतंय?" विचारलं की आजाराचं नाव घ्यायची जबरदस्ती स्वतःवर करू नका. "उजवा डोळा, चार दिवस, ठणका, ६/३६, पिनहोलने फरक नाही, मधोमध तीन मिलिमीटरची जखम, कड विस्कटलेली, मेडिकलमधलं स्टिरॉइड चालू होतं" एवढं सांगा. औषध काय द्यायचं तो निर्णय आपल्याकडे नेत्रतज्ज्ञांचाच असतो, आणि असं वाक्य ऐकल्यावर त्यांना तो घ्यायला वेळ लागत नाही. नाव चुकलं तरी अशा उत्तरावर कोणी चिडलेलं मी पाहिलेलं नाही. "कंजंक्टिव्हायटिस वाटतं" असं मोघम म्हणणाऱ्यावर मात्र चिडलेले पाहिलेत, आणि रास्तच.

स्वतःचं पहिलं इन्स्ट्रुमेंट कुठलं घ्यावं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मोबाइलला लावायच्या लेन्सच्या नादी सध्या लागू नका. स्ट्रीक रेटिनोस्कोप घ्या, वापरलेला मिळाला तरी हरकत नाही. फक्त घेण्याआधी त्याचा बल्ब बाजारात मिळतो का ते विचारा आणि अंधाऱ्या खोलीत पट्टी सगळीकडे फिरवून बघा, रेघ मधे तुटत असेल तर सोडून द्या. सोबत एक चांगली पेन टॉर्च आणि पिनहोल. उरलेल्या पैशांत +९० ची लेन्स (स्लिट लॅम्पवर पडदा बघायची), पण ती इंटर्नशिपच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत, तुमच्या हॉस्पिटलातल्या लेन्सवर हात बसल्यानंतर.